विश्लेषण : प्रेशर व्हेसल नेमके कधी निकामी होते? संगणकाच्या पडद्यावर रोज दिसणारे ‘फॉन मिसेस’ कोण होते?

रिफायनरीतील उंच टॉवर, रासायनिक कारखान्यातील रिअॅक्टर, वीज प्रकल्पातील बॉयलरचा ड्रम आणि स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडर यांत एक गोष्ट समान आहे. आत दाब आणि बाहेर तो थोपवून धरणारी धातूची भिंत. अशा भांड्यांना अभियांत्रिकीत प्रेशर व्हेसल म्हणतात. ते बनवण्याआधी त्याचे संगणकावर विश्लेषण होते. पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांचे पट्टे दिसतात आणि कोपऱ्यात एक नाव असते : वॉन मिसेस स्ट्रेस. मेकॅनिकल किंवा सिव्हिल शाखेच्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याने हे नाव वाचलेले असते. पण ते एका माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाला आयुष्यात तीनदा आपले विद्यापीठ मागे सोडावे लागले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

प्लास्टिक कोलॅप्स म्हणजे काय?

इथल्या ‘प्लास्टिक’चा पिशवीच्या प्लास्टिकशी संबंध नाही. लोखंडी तार थोडी वाकवून सोडली तर ती पुन्हा सरळ होते. जास्त वाकवली तर वाकलेलीच राहते. पहिल्या अवस्थेला इलॅस्टिक आणि दुसऱ्या अवस्थेला प्लास्टिक म्हणतात. ज्या ताणाला धातू पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो, ती त्याची यील्ड मर्यादा.

प्रेशर व्हेसलच्या भिंतीत एखादी जागा यील्ड झाली म्हणजे भांडे लगेच फुटत नाही. त्या जागेने आणखी भार घ्यायला नकार दिला तरी शेजारचा धातू तो भार उचलतो. दाब वाढत गेला की यील्ड झालेला भाग पसरत जातो. शेवटी भार उचलायला शेजारी कुणीच उरत नाही आणि दाबात किंचित वाढ झाली तरी भिंत फुगत जाते, थांबत नाही. या अवस्थेला प्लास्टिक कोलॅप्स म्हणतात आणि ती ज्या भाराला येते तो लिमिट लोड. ठिसूळ धातूला अचानक तडा जाणे, वारंवार भार बदलल्याने तो थकणे किंवा बाहेरच्या दाबाने नळी चेपली जाणे हे वेगळे प्रकार आहेत. त्यांची गणितेही वेगळी आहेत.

मग अडचण कुठे होती?

पोलादाची यील्ड मर्यादा प्रयोगशाळेत मोजतात ती एक कांडी दोन्ही टोकांना धरून एकाच दिशेने ओढून. पण प्रेशर व्हेसलची भिंत एकाच दिशेने ओढली जात नाही. गोल नळकांड्याच्या भिंतीवर घेराच्या दिशेने जितका ताण असतो, त्याच्या निम्मा ताण लांबीच्या दिशेने असतो. म्हणूनच दाब वाढून फुटलेली नळी बहुतेकदा लांबीच्या दिशेने फाटते. शिवाय आतल्या पृष्ठभागावर दाब थेट रेटत असतो. तीन दिशांच्या तीन ताणांची तुलना एका कांडीच्या एका आकड्याशी करायची कशी, हा खरा प्रश्न होता.

हा प्रश्न कागदापुरता नव्हता. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन येथील ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या राज्याने बॉयलरचे नियम केले आणि पुढे अमेरिकी मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संस्थेने, म्हणजे ‘एएसएमई’ने, १९१४ ची पहिली बॉयलर संहिता तयार केली.

उत्तराचा पहिला टप्पा त्याआधीच गाठला गेला होता. फ्रेंच अभियंते आंरी त्रेस्का यांनी १८६४ मध्ये शिसे आणि इतर धातू प्रचंड दाबाखाली साच्यांतून दाबून बाहेर काढण्याचे प्रयोग मांडले. धातू वाहू लागतो तो सर्वाधिक शिअर ताणामुळे, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या ताणामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीनपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान ताण घ्यायचा आणि त्यांतला फरक यील्ड मर्यादेशी ताडून पाहायचा, असा हा सोपा नियम. त्यात मधल्या ताणाला काहीच किंमत नव्हती. आलेखावर काढला तर हा नियम षटकोनासारखा दिसतो. त्याच्या टोकदार कोपऱ्यांपाशी गणित अडखळते.

फॉन मिसेस कोण होते?

रिचर्ड फॉन मिसेस यांचा जन्म १९ एप्रिल १८८३ रोजी लेम्बर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमधील लव्हिव आहे. कुटुंब ज्यू होते. वडील आर्थर हे ऑस्ट्रियाच्या रेल्वेत अभियंते होते. थोरले बंधू लुडविग पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून जगभर गाजले. त्यामुळे इंटरनेटवर ‘फॉन मिसेस’ शोधणाऱ्यांना आधी मुक्त बाजारपेठेवरचे लेख सापडतात आणि नंतर धातूचे गणित.

रिचर्ड यांचे शालेय शिक्षण व्हिएन्नात झाले. तेथील तंत्रशास्त्र विद्यापीठात ते गणित आणि मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकले. त्यानंतर ब्रून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे, ते गणिती गेऑर्ग हामेल यांचे सहायक झाले. विद्यापीठात शिकवण्याची पात्रता मिळवण्यासाठी त्यांनी निवडलेला विषय होता पाणचक्क्यांचे गणित. १९०९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ते स्ट्रासबर्ग विद्यापीठात उपयोजित गणिताचे प्राध्यापक झाले. स्ट्रासबर्ग तेव्हा जर्मन साम्राज्यात होते.

१९१३ मध्ये त्यांनी काय मांडले?

धातू प्लास्टिक अवस्थेत कसा वागतो, यावरचा त्यांचा शोधनिबंध १९१३ मध्ये ग्योटिंगेनच्या विज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्रेस्कांचा षटकोन बाजूला ठेवून मिसेस यांनी त्याच्या कोपऱ्यांना स्पर्श करत जाणारा एक गुळगुळीत वक्र घेतला. तीन ताणांमधील तिन्ही फरक घ्यायचे, त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि त्यातून एकच आकडा काढायचा. तो आकडा यील्ड मर्यादेपर्यंत पोहोचला की धातू वाहू लागतो. मधला ताण आता हिशोबात आला आणि कोपरेही गेले.

या नियमाचा एक अर्थ सहज कळण्यासारखा आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी सारख्याच दाबाने दाबली तर तिन्ही ताण सारखे असतात, म्हणून सगळे फरक शून्य. समुद्राच्या तळाशी पडलेला पोलादाचा भरीव गोळा म्हणूनच यील्ड होत नाही. धातूचा आकार बदलू पाहणारा ताणच धोकादायक असतो. आकारमान बदलू पाहणारा नसतो.

मिसेस यांच्या दृष्टीने हा मुख्यतः गणिती सोयीचा मार्ग होता. पण प्रयोग त्यांच्या बाजूने निघाले. १९२६ मध्ये जर्मनीत लोडे यांनी पोलाद, तांबे आणि निकेलच्या नळ्यांना आतून दाब देत, त्याच वेळी लांबीच्या दिशेने ओढून मोजमापे घेतली. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये टेलर आणि क्विनी यांनी नळ्या ओढून आणि पिळून पाहिल्या. दोन्हीकडे आकडे त्रेस्कांपेक्षा मिसेस यांच्या वक्राच्या जवळ पडले.

दोन नियमांत फरक किती पडतो?

जास्तीत जास्त साडेपंधरा टक्के. गंमत अशी की, दोन्ही टोके बंद असलेले पातळ भिंतीचे नळकांडे, म्हणजे सर्वांत सामान्य प्रेशर व्हेसल, नेमके याच सर्वाधिक फरकाच्या जागी येते.

समजा, एका नळकांड्याची त्रिज्या ५०० मिलिमीटर, भिंतीची जाडी १० मिलिमीटर आणि पोलादाची यील्ड मर्यादा २५० मेगापास्कल आहे. त्रेस्कांच्या नियमाने भिंत ५ मेगापास्कल दाबाला यील्ड होईल. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण ५० पट आहे. मिसेस यांच्या नियमाने तीच भिंत सुमारे ५.७७ मेगापास्कलपर्यंत टिकेल. त्रेस्कांचा नियम सावध आहे, त्यात पोलाद जास्त लागते. मिसेस यांचा नियम प्रत्यक्षाला जास्त जवळ आहे.

जाड भिंतीत चित्र आणखी वेगळे दिसते. बाहेरची त्रिज्या आतल्या त्रिज्येच्या दुप्पट असेल आणि पोलाद तेच असेल, तर आतला पृष्ठभाग साधारण १०८ मेगापास्कलला यील्ड होतो. पण यील्ड झालेला थर आतून बाहेर सरकत संपूर्ण भिंत व्यापतो तो सुमारे २०० मेगापास्कलला. पहिले यील्ड आणि कोलॅप्स यांच्यात जवळपास दुपटीचे अंतर आहे. पहिल्या यील्डलाच भांडे निकामी धरणारा अभियंता निम्मी ताकद वाया घालवतो. उलट पातळ भिंत जवळपास एकाच वेळी सगळीच यील्ड होते. तिथे हा राखीव साठा नसतो. कोलॅप्सचा भार वेगळा मोजावा लागतो तो यासाठी.

१९१४ मध्ये मिसेस यांनी याच्या उलट बाजूचा प्रश्नही हाताळला. बाहेरून दाब आला तर पातळ नळी कोणत्या दाबाला चेपली जाईल, याचे सूत्र त्यांनी दिले. निर्वात टाक्या आणि पाणबुड्यांच्या कवचाच्या अभ्यासात ते पुढे वापरले गेले.

युद्धात त्यांनी काय केले?

मिसेस यांना उड्डाणाचे वेड होते. ते स्वतः वैमानिक होते आणि १९१३ मध्ये त्यांनी स्ट्रासबर्गमध्ये विमानोड्डाणाच्या शास्त्रावर व्याख्याने दिली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात दाखल झाले. तिथे त्यांनी विमाने चालवली, वैमानिकांना शिकवले आणि ६०० अश्वशक्तीच्या एका मोठ्या विमानाचा आराखडा तयार करून ते बांधून घेतले.

युद्ध हरल्यावर स्ट्रासबर्ग फ्रान्सकडे गेले आणि तेथील प्राध्यापकपद संपले. विद्यापीठ सोडावे लागण्याची ही पहिली वेळ. काही काळ ड्रेस्डेनमध्ये काढून १९२० मध्ये ते बर्लिन विद्यापीठात नव्या उपयोजित गणित संस्थेचे संचालक झाले. शुद्ध गणित श्रेष्ठ आणि उपयोजित गणित दुय्यम अशी समजूत तेव्हा सार्वत्रिक होती. मिसेस यांनी १९२१ मध्ये उपयोजित गणित आणि यामिकीसाठी स्वतंत्र नियतकालिक सुरू केले. ‘झाम’ या आद्याक्षरांनी ते आजही निघते. संभाव्यता म्हणजे दीर्घकाळातली वारंवारता, हा त्यांचा सिद्धांतही याच काळातला.

१९३३ मध्ये काय बदलले?

हिटलर सत्तेवर आल्यावर एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. मिसेस यांनी महायुद्धापूर्वीच कॅथलिक धर्म स्वीकारला होता, पण नव्या राजवटीच्या लेखी त्याला अर्थ नव्हता. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना कायद्यात सूट होती आणि ती मिसेस यांना लागू होत होती. कागदावर ते सुरक्षित होते. पण ही सूट फार दिवस टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले. उभारलेली संस्था आणि नियतकालिक सोडून त्याच वर्षाअखेरीस ते तुर्कस्तानात इस्तंबूल विद्यापीठात गेले. पुढे १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनंतर ही सूट खरोखरच काढून घेण्यात आली.

मुस्तफा कमाल अतातुर्क यांच्या सरकारने तेव्हा विद्यापीठाची पुनर्रचना हाती घेतली होती आणि जर्मनीतून बाहेर पडणाऱ्या विद्वानांना दार उघडले होते. बर्लिनमध्ये मिसेस यांच्या सहायक असलेल्या हिल्डा गायरिंगर यांना नोकरीवरून काढण्यात आले होते. ब्रसेल्समार्गे त्याही इस्तंबूलला पोहोचल्या. प्लास्टिक अवस्थेतील धातू कोणत्या रेषांवरून सरकतो, त्याची १९३० मध्ये त्यांनी मांडलेली समीकरणे आजही त्यांच्या नावाने शिकवली जातात. जर्मनीतून बाहेर पडावे लागलेले आणखी एक तरुण अभियंते-गणिती विल्यम प्रागर हेही इस्तंबूलमध्येच आले.

कोलॅप्सच्या गणिताच्या दृष्टीने हा योग महत्त्वाचा ठरला. मिसेस यांचा नियम एका बिंदूपुरता आहे. हा बिंदू यील्ड झाला की नाही, एवढेच तो सांगतो. संपूर्ण भांडे कधी कोसळेल, हे सांगायला आणखी एक पायरी लागते. प्रागर पुढे अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात गेले. तिथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रकर, ग्रीनबर्ग आणि प्रागर यांनी लिमिट लोडचे सिद्धांत मांडले. सोव्हिएत अभियंते ग्वोझ्देव यांनी तशीच मांडणी १९३६ मध्येच केली होती, पण ती पश्चिमेत उशिरा कळली. या सिद्धांतांनी कोलॅप्सचा भार दोन बाजूंनी पकडता येतो. ताणांची यील्डच्या आत राहणारी कोणतीही संतुलित मांडणी सापडली तर तो भार सुरक्षित बाजूचा. कोसळण्याची कोणतीही शक्य रीत कल्पून काढलेला भार खऱ्याइतका किंवा त्याहून जास्त. खरे उत्तर या दोघांच्या मध्ये असते.

अमेरिकेतील वर्षे कशी गेली?

१९३८ मध्ये अतातुर्क यांचे निधन झाले आणि युरोपवर पुन्हा युद्धाचे सावट आले. मिसेस यांनी १९३९ मध्ये इस्तंबूल सोडले आणि ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. तिथे १९४४ मध्ये त्यांना वायुगतिकी आणि उपयोजित गणिताचे अध्यासन मिळाले. एका खोलीत किती माणसे असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, या प्रसिद्ध कोड्यावरचा त्यांचा लेखही १९३९ चाच. उत्तर आहे २३.

गायरिंगर यांची वाट जास्त खडतर होती. लिस्बनमार्गे त्या अमेरिकेत पोहोचल्या. १९४३ मध्ये दोघांनी विवाह केला. पण मोठ्या विद्यापीठांत स्त्री असल्यामुळे त्यांना कायम पद मिळाले नाही. त्या मॅसॅच्युसेट्समधील व्हीटन कॉलेजात गणित विभागप्रमुख झाल्या. १४ जुलै १९५३ रोजी बोस्टनमध्ये मिसेस यांचे निधन झाले, तेव्हा ते ७० वर्षांचे होते. त्यांचे अपुरे राहिलेले लेखन गायरिंगर यांनी पूर्ण केले. वायुप्रवाहावरचा ग्रंथ १९५८ मध्ये आणि संभाव्यतेवरचा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिसेस यांनी जमवलेला कवी रिल्के यांच्या साहित्याचा मोठा संग्रहही हार्वर्डच्या ग्रंथालयात गेला.

नियमाचे श्रेय एकट्या मिसेस यांचे आहे का?

नाही. याच नियमाचा गाभा पोलिश अभियंते मॅक्सिमिलियन टायटस हुबर यांनी १९०४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षे आधी मांडला होता. योगायोग असा की, तो प्रसिद्ध झाला लव्हूफ शहरातील एका तांत्रिक नियतकालिकात. लव्हूफ म्हणजेच लेम्बर्ग, मिसेस यांचे जन्मगाव. लेख पोलिश भाषेत असल्याने बाहेर फारसा कुणी वाचला नाही. हुबर यांची मांडणी भौतिक अर्थाची होती. आकार बदलण्यात साठणारी ऊर्जा ठराविक मर्यादेला पोहोचली की धातू यील्ड होतो, असे ते म्हणत होते. १९२४ मध्ये हेंकी यांनी मिसेस यांच्या सूत्राला हाच अर्थ दिला. त्याही आधी, १८५६ मध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विल्यम थॉमसन यांना लिहिलेल्या पत्रात हीच कल्पना आली होती. त्यामुळे अनेक पुस्तकांत त्याला हुबर-मिसेस-हेंकी नियम म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र एकच नाव उरले.

आज प्रेशर व्हेसलची तपासणी कशी होते?

एएसएमई संहितेच्या आठव्या विभागाच्या दुसऱ्या भागात प्लास्टिक कोलॅप्सपासून संरक्षण तपासण्याचे तीन मार्ग दिले आहेत. पहिल्यात धातू इलॅस्टिक आहे असे धरून ताण काढतात आणि त्यांचे प्रकार पाडतात. संपूर्ण जाडीभर पसरलेल्या ताणाला कडक मर्यादा असते. त्यात वाकवणारा ताण मिळवला तर मर्यादा दीडपट. कारण सपाट पट्टी पहिल्या यील्डच्या दीडपट भाराला पूर्ण कोसळते. दुसरा मार्ग लिमिट लोडचा. यील्डनंतर पोलादाची ताकद वाढत नाही असे गृहीत धरून भार वाढवत नेतात. संगणकाला संतुलित उत्तर सापडेनासे झाले की तो कोलॅप्सचा भार. तिसऱ्या मार्गात पोलादाची खरी वागणूक आणि बदलत जाणारा आकार दोन्ही विचारात घेतात. आधी या भागात त्रेस्कांचा नियम होता. २००७ च्या आवृत्तीपासून मिसेस यांचा नियम आला, म्हणजे मूळ शोधनिबंधानंतर तब्बल ९४ वर्षांनी.

म्हणून पडद्यावरचा लाल ठिपका दिसला की भांडे फुटणार, असे समजणे चूक आहे. नळीच्या जोडापाशी छोट्या जागेत ताण यील्डच्या वर गेला तरी आजूबाजूचा धातू त्याला सांभाळून घेऊ शकतो. त्याचप्रमाणे सगळे चित्र निळे आहे म्हणून भांडे सुरक्षित, हेही चूक. वेल्डमधली भेग, गंजून पातळ झालेली भिंत, थंडीत ठिसूळ झालेले पोलाद किंवा हजारो वेळा चढ-उतार झालेला दाब यांबद्दल मिसेस यांचा आकडा काहीच बोलत नाही. त्यासाठी भिंतीची जाडी मोजणे, वेल्डची तपासणी करणे आणि पाणी भरून वाढीव दाबाने चाचणी घेणे याला पर्याय नाही. चाचणीला हवेऐवजी पाणी वापरतात, कारण पाणी फारसे दाबले जात नाही. भांडे फुटलेच तर हवेसारखा स्फोट होत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा धोका कितीतरी कमी होतो.